उजवी टाच

तिने आधी बूट मोजले, मग माणसं. दाराशी लाकडी मांडणीवर सात जोड, आत जाड गादीवर सात जण, सगळे अनवाणी. त्यात एक बाई होती, म्हणून ती उंबऱ्यावरून परत फिरली नाही.

स्वसंरक्षणाचा हा तिसरा वर्ग. पहिल्या ठिकाणी रांगेने उभं राहून सगळे हवेत ठोसे मारत होते. हवेला मारून कुणाचं नाक फुटतं? दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने नाव विचारायच्या आधी 'राहता कुठे' विचारलं, तेव्हा ती जी वळली ती थेट घरी. इथे निदान पाटीवर सरळ लिहिलं होतं : खरा मार, खरा बचाव.

महिनाभर संध्याकाळी दुकान बंद करून ती निघाली की कुणीतरी मागे यायचं. वळून पाहिलं की रस्ता रिकामा. पण चाल पाठ झाली होती. एक पाऊल मुकं, दुसऱ्याला टिक. मुकं, टिक. गेल्या गुरुवारी ते थांबलं. "सुटलीस बाई, पीडा टळली," आत्या म्हणाली. हिचा कुठला विश्वास बसायला! पर्समध्ये चामडं टोचायची आरी ठेवायची ती ठेवतच राहिली.

आरी घरचीच. आत्याचं बूटदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाइकांशी आत्या बोलायची आणि मागच्या खोलीत ही खिळे ठोकायची. माणसांची तोंडं तिने कधी पाहिली नाहीत, तळ मात्र सगळे पाहिले.

म्हणून स्वतःचे बूट काढता काढता नजर सवयीने शेजारच्या जोडांवरून फिरली. खालच्या फळीवर एक तपकिरी जोड होता. तिने उजवा पालथा केला. टाचेला नवं रबर, चार खिळे, चौथा आतल्या अंगाला तिरका. चौथा तिरका मारायची खोड तिची एकटीची. आत्या त्यावरून रोज बोलणी ऐकवायची.

गेल्या बुधवारचं काम. लोखंडी नाल सैल झाली होती, ती काढून तिने रबर बसवलं होतं. आत्याने चिठ्ठीत गिऱ्हाइकाचे शब्द लिहून दिले होते : 'बाकी काही नको. फक्त आवाज घालवा.'

बुधवारी बूट गेला, गुरुवारी आवाज गेला. दिवसाला वीस टाचा हाताखालून जातात, आणि हातात धरलेला बूट काही चालून दाखवत नाही. मागे येणारा थांबलाच नव्हता. तिनेच त्याला मुका करून दिला होता, तोही चोख!

"या ना ताई, आत या," वस्तादांनी हाक मारली. शिकवणाऱ्याला तिथे सगळे वस्ताद म्हणत. पिकलेल्या मिशा, मऊ आवाज.

"आलेच. नाडीला गाठ बसलीय."

त्यांच्याकडे पाठ करून ती उकिडवी बसली. आरीने तो तिरका खिळा त्याचं डोकं रबराबाहेर येईल इतकाच उचकटला आणि बूट होता तसा ठेवला. काम हाताला ठाऊक होतं.

"तीन प्रकार आहेत," वस्ताद सांगू लागले. "नुसते हात, हातपाय दोन्ही, नाहीतर धरून आपटायचं. नवख्या माणसाने पहिलं घ्यावं. पण तिन्हींत लागतं हं. उद्या गाल सुजला तर आमच्या नावाने शंख करायचा नाही."

"आणि मागून कुणी आलं तर?"

तिने हे मुद्दाम मोठ्याने विचारलं आणि एकेकाकडे पाहिलं. चष्मेवाल्याने मान खाली घातली. दाढीवाला उगाच हसला. जाड्या पाणी प्यायला लागला. तिला सगळेच चोर दिसत होते, चांदणं नेमकं कुणाच्या मनात होतं ते कळेना.

"मागून येणारा वाजत नाही, ताई," वस्ताद म्हणाले. "म्हणून तर शिकायचं."

त्यांनी दोन्ही हातांत जाड पॅड धरले. ती मारत सुटली.

"मनगट तयार आहे तुमचं. काम काय करता?"

"शिवणकाम."

"शिवणकाम!" वस्ताद हसले. "बरं बरं."

वर्ग सुटला. ती मांडणीजवळच्या बाकावर बसून हाताची पट्टी सोडत राहिली. एकच पट्टी किती वेळ सोडायची, पण सोडत राहिली. चष्मेवाल्याने काळे बूट घातले. दाढीवाल्याने पांढरे. जाड्या धापा टाकत सँडलमध्ये शिरला. उरलेले दोघे आपापले जोड घालून बोलत बोलत गेले. बाईने चपला सरकवल्या आणि दारात थांबून विचारलं, "येतेस ना?"

फळीवर तिच्या जोडाशेजारी तपकिरी जोड तसाच होता.

पंखे बंद करून वस्ताद आले. "चला, मलाही त्याच बाजूला जायचंय," म्हणत त्यांनी पाय बुटांत घातले. पहिलं पाऊल मुकं. दुसरं फरशीवर पडलं. टिक.

वस्ताद थबकले.

ती बाकावरून उठली. "ताई, थांबा जरा, तुम्ही साक्षीला हव्यात," ती दारातल्या बाईला म्हणाली. मग वस्तादांकडे वळली. "माझं ठरलं. ज्यात तुम्ही समोर उभे राहता तो प्रकार शिकवा. महिनाभर मागेच होतात."

वस्तादांनी उजवा पाय उचलला होता. तो खाली ठेवायला ते तयार होईनात.