माग थांबले तेव्हा

“पाच मिनिटं नुसतीच धडधड! पब्लिकनं उसळायचं कुठं?” डीजेवाला भैरू फोनवर खेकसला. “सहापर्यंत बदलून दे, नाहीतर दुसऱ्याचा ट्रॅक वाजवणार.”

डीजेवाल्यांना ट्रॅक बनवून देणाऱ्या त्या पोरीनं कॉम्प्युटरवर सुरुवातीपासून शेवटापर्यंत ट्रॅक पुन्हा मांडला. ढोल वाढवले, हलगी चढवली, तरी मढं ते मढंच. त्यात खिडकीबाहेर गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट. जन्मापासून हाच कालवा!

तेवढ्यात लाईट गेली. चारशे माग एका झटक्यात गप्प झाले. तिनं श्वास रोखला. मग लाईट आली. एक माग सुरू झाला, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खी गल्ली अंगावर धावून आली. ती थरारली. वीस वर्षं कान होते की भोकं?

तिनं पब्लिक उसळायच्या जागेआधीच्या काही सेकंदांतलं सगळं काढून टाकलं. तिथं नुसती शांतता ठेवली. पुढं एकेक ताल मागासारखा चालू केला.

साडेपाचला आई कारखान्यातून चहाला आली. तिनं आईच्या कानांवर हेडफोन चढवले. पडद्यावरची रेघ शांततेपाशी पोचली, तशी आईनं दचकून बल्बकडं पाहिलं.

“लाईट गेली काय गं?”

“आत्ता येतीय बघ,” ती म्हणाली.