हसायची चोरी

"मला की नाही, असा पडदा दाखवा," सून मान वेळावत म्हणाली, "जो माझ्या मांजरीला पसंत पडेल. माझं काय, मी कुठलाही चालवून घेते."

सकाळच्या गिऱ्हाईकबाई हुबेहूब. सासऱ्यांची कात्री कापडात अडकली, ते पोट धरून हसायला लागले. मुलगा ताग्यांवर आडवा झाला. सासूबाईंनी मात्र ओठ मिटले, गुडघे आवळले, मशीनवरून उठल्या आणि कुणाकडे न बघता आत गेल्या. न्हाणीघराचं दार धाडकन लागलं.

पडद्यांचं दुकान पुढे, घर मागे; दाराचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बघितलंत?" सून नवऱ्याला म्हणाली. "लग्न झाल्यापासून हेच. मी तोंड उघडलं की त्या उठल्याच. नकोशी असेन तर मीच जाते. टेम्पो सांगा."

आत सासूबाई ओले कपडे बदलत होत्या. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मुलगा जन्मला तोच मोठा दांडगा. त्या बाळंतपणानंतर शिंक आली, खोकला आला, जड तागा उचलला की लघवीचे थेंब सुटायचे. पाळी गेल्यावर ते आणखी वाढलं. सगळ्यांत वाईट हसू. त्यांनी चारचौघांत जाणं कमी केलं, पाणी पिणं कमी केलं आणि शेवटी हसणंच सोडलं. गल्लीत सगळे त्यांना 'हेडमास्तरीण' म्हणत. म्हणेनात का! नाव कडक होतं, पण कोरडं होतं.

आणि घरात सून आली ती अशी. इतकं हसवणारं माणूस त्यांना उभ्या जन्मात भेटलं नव्हतं. तेच आता नातीला, छकुलीला, घेऊन चाललं होतं. दुसरीकडे खोली बघून झाली. टेम्पोही ठरला.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी सासूबाई "दोरा आणते" म्हणून निघाल्या आणि मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरल्या.

"माझी एक मैत्रीण आहे," त्यांनी खाली मान घालून सुरुवात केली. "तिला ना, हसलं की..."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं. आता मैत्रिणीला म्हणावं, त्या टेबलावर झोपा. मी तपासते."

तपासून झाल्यावर त्या हात पुसत म्हणाल्या, "बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात. रोज बायका येतात याच तक्रारीसाठी, आणि सगळ्या मैत्रिणीचंच सांगतात. लघवी रोखताना जे आवळतो ना, ते आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं. मशीनवर बसूनही जमेल, कुणाला कळायचं नाही. पाणी मात्र तोडू नका, त्याने त्रास वाढतो. काही महिने नेमाने करा. तरी उतार पडला नाही तर पुढचे उपाय आहेत."

"म्हणजे हे बरं होतं?"

"गुडघा दुखला तर दाखवता ना? मग इथल्या दुखण्यानेच काय घोडं मारलंय?"

सासूबाई कापसासारख्या हलक्या होऊन बाहेर पडल्या. कोपऱ्यावर येताच मात्र त्या थबकल्या. गुण यायला महिने लागणार होते आणि टेम्पो उद्या येणार होता.

सून खोलीत नातीची झबली पिशवीत भरत होती. सासूबाईंनी दार लोटून घेतलं.

"नकला छान करतेस हं तू."

"तुम्हाला कुठे आवडतात?" सुनेने वर बघितलं नाही.

"आवडतात म्हणून तर उठते गं. हसले की मला कपड्यातच होतं. तुझा नवरा झाला तेव्हापासून."

सुनेचे हात थांबले. तिने सासूकडे टक लावून बघितलं. तिचं तोंड कसंनुसं झालं. दोन्ही हातांनी ते दाबून ती तीरासारखी बाहेर धावली आणि न्हाणीघराचं दार धाडकन लागलं.

सासूबाई पलंगावर टेकल्या. झाली शोभा. किळस आली पोरीला. झाकली मूठ उघडायची कुणी सांगितली होती? आतून दबके हुंदके येत होते. थोड्या वेळाने त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, रडू नकोस. जा तुम्ही सुखाने. मी नाही अडवत."

"रडत नाहीये हो, आई!" हसण्यातून सुनेला शब्द फुटत नव्हता. "आधी त्या टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगा. आणि माझे कोरडे कपडे द्या आत. छकुली झाल्यापासून माझंही हेच चाललंय."