गुत्त्याची पाटी

"वरूनच रंगव, खरवडू नकोस!" म्हातारी आवडाबाई पुन्हा ओरडली.

छावणीतल्या बिअरच्या गुत्त्यावर मालकाचं नाव लावायचा सरकारी नियम होता. मुलगा वारल्यावर परवाना सुनेच्या, सुंद्राच्या नावावर झाला होता. रंगारी मात्र लाकडी पाटीवरचा जुना रंग काढल्याशिवाय कुंचला उचलेना.

मुलाचं नाव गेलं. त्याखालचं त्याच्या बापाचंही गेलं. म्हातारीचं आतबाहेर चाललंच होतं. एकाएकी रंगारी थांबला. "अजून खाली 'आवडाबाई' लिहिलंय."

सुंद्रा चमकली. "आत्याबाई, गुत्ता तुम्ही चालवत होतात?"

"तुझा सासरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा. उठून बसला आणि आधी रंगाचा डबा मागितला."

मग ती रंगाऱ्याकडे वळली. "हिचं नाव रंगवू नकोस. कोर."