दोन हिसके

इरावतीकाठच्या तेलविहिरीत उतरलेल्या माणसाने दोरीला दोन हिसके दिले की त्याला वर ओढायचं. मा न्वेने ओढलं. नवरा, को थाइक, तेलाने माखून वर आला आणि खोकत आडवा पडला.

"तळाचं मातीचं झाकण फुटलं. खालून कुणी श्वास सोडावा तसा वारा आला."

"मामंजी सांगायचेच. जुन्या समुद्रातले मेलेले जीव दबून दबून तेल झालेत, वर यायला वाट शोधतात."

"बाबांना भाताच्या मडक्यातही भुतं दिसायची."

हसत तिने त्याच्या कमरेची दोरी सोडली. सुटं टोक घसरत विहिरीत गेलं; दुसरं तिच्या हातातच होतं.

दोरीला दोन हिसके बसले.

ती नवऱ्याकडे बघतच राहिली. हात मात्र सवयीने ओढू लागले होते. वजन अगदी त्याच्याएवढंच होतं.