तारीख

"मॅडम, लई पुढं जाऊ नका. खालून पोखरलंय," विजयमाला म्हणाली.

तलाठी पंकजा मॅडम दोन पावलं मागं सरल्या. काठाखाली भीमा संथ वाहत होती. या वळणावर पाणी थेट काठाला भिडायचं, तळची माती काढून न्यायचं आणि मग वरचा तुकडा आपोआप खाली बसायचा. विजयमालाच्या दीड एकरातलं आता जेमतेम वीस गुंठे उरलं होतं. भरपाईसाठी तिचा हा तिसरा अर्ज.

मॅडमनी मोबाईलवर फॉर्म उघडला. "नुकसानीची तारीख सांगा, काकू."

"कसली तारीख? रोजच जातंय."

"पूर कधी आला होता?"

"औंदा पूर आलाच न्हाई."

"मग अडचण आहे. तारीख टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही."

"आवं, माझ्यादेखत शेताच्या चार सऱ्या गेल्या की! डोळ्यांनी बघिटल्यात!"

"मला दिसतंय, काकू. पण यात तसं लिहायला जागा नाही."

विजयमालाचा आवाज चढला. "सात-बाऱ्यावर दीड एकर हाय. ते पाण्यात पेरू का मी?" मॅडम उन्हात हातानं सावली करून मोबाईलच बघत राहिल्या.

पलीकडच्या काठाला पाणी उथळ होतं. तिकडं पाच-सहा वर्षांत गाळाचा लांबलचक पट्टा वर आला होता. त्यावर दौंडकडच्या सहादेवनं कलिंगडं लावली होती. इकडं चाललेला आरडाओरडा ऐकून तो होडी घेऊन आला. काठाशी उतरला आणि एक मोठं कलिंगड त्यानं अवघडून विजयमालापुढं ठेवलं.

"आक्का, पयल्या तोड्याचं हाय. तुमच्याकडलीच माती हाय, म्हणून आणलं."

तिला त्याला शिव्या घालायच्या होत्या. तोंडापर्यंत आल्याही. पण त्यानं काय केलं होतं? बांध कोरला नव्हता, खुणेचा दगड हलवला नव्हता. नदीनं आणून टाकलं, त्यानं बी टोचलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग मॅडमकडं, मग पाण्याकडं. कुणावर ओरडावं तेच कळेना.

ती खाली बसली. कलिंगड दगडावर आपटून फोडलं. आतून लालभडक निघालं. एक फोड तिनं मॅडमच्या हातात दिली.

"खाऊन बघा," ती म्हणाली. "माती चांगली हुती."