मोठं काडतूस

"दोनशे सत्तरची बंदूक? ही काय सशाला मारायला आणलीस?" ऑर्विलनं काडतुसांची डबी उचलली, तळहातावर तोलली आणि जावयासमोर टाकली.

कुरणाच्या कडेच्या जुन्या मुरुमाच्या खाणीत चौघं उभे होते: ऑर्विल स्टेनरुड, त्याचा मुलगा लाइल, मुलगी जोलीन आणि तिचा नवरा क्ले. एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाच्या, शिकारीचा हंगाम पुढच्या शनिवारी उघडणार होता. त्याआधीच्या रविवारी चर्चहून आलं की शंभर पावलांवर कागदी ताटली लावायची आणि प्रत्येकानं तीन गोळ्या मारायच्या, ही स्टेनरुडांची रीत. बंदूकही ठरलेली, तीनशे अडतीस मॅग्नम. काडतूस बोटाएवढं आणि धक्का खेचराच्या लाथेसारखा. आमच्या मोंटानात माणूस एक वेळ चर्च बदलेल, पण काडतूस बदलणार नाही.

"दोनशे सत्तरनंही एल्क पडतो, ऑर्विल," क्ले म्हणाला. "गोळी जागेवर बसली तर."

"जागेवर बसली तर! आणि हे तू आम्हाला सांगतोयस?"

लाइल फिस्सकन हसला. ते हसणं क्लेच्या वर्मी लागलं.

गेल्या वर्षी समोरच्या उतारावर एल्कची एक मादी आडवी उभी होती. क्ले आणि ऑर्विल शेजारी शेजारी पालथे पडले होते. दोन बार झाले, इतके लागोपाठ, की खाली घोड्यांजवळ थांबलेल्या लाइलला एकच ऐकू आला. एक गोळी मादीच्या मागच्या खडकावर लागली आणि धुरळा उडाला. दुसरी तिच्या पोटात गेली. दोन दिवस ते रक्ताच्या थेंबांमागे फिरले. मादी सापडली नाही, कुठल्या तरी झुडपात तळमळत मेली असणार. कुणाची गोळी कुठे गेली, हे कुणी विचारलंच नाही. क्लेला ते सांगताही आलं नसतं, कारण त्या मोठ्या बंदुकीचा चाप ओढताना त्याचे डोळे मिटायचे. "माझीच असेल," तो म्हणाला. जनावर जखमी करून गमावलं की शिकार झाली असंच आमच्याकडे धरतात. त्यानं सुरी काढली, आपल्या एका जनावराच्या परवान्यावरची तारीख कापून तो संपवला आणि उरलेला हंगाम शिकारीच्या तळावर भांडी घासली. पोटात गोळी घेऊन वाकलेली ती मादी वर्षभर त्याच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

म्हणून त्यानं गुपचूप हलकी बंदूक घेतली होती. उन्हाळाभर सराव केला होता. तिचा चाप ओढताना त्याचे डोळे मिटत नव्हते.

"माझ्या तळावर यायचं तर तीनशे अडतीस," ऑर्विल म्हणाला. "नाहीतर बस घरी."

घर ऑर्विलचं. जमीन त्याची, गुरं त्याची, क्लेचं कामही त्याच्याच हाताखालचं. घरी बसणार म्हणजे कुणाच्या घरी? आणि मोठी बंदूक घेतली तर पुन्हा एखाद्या जनावराचे हाल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती बिचाऱ्याची.

"मला झेपत नाही ती," तो शेवटी म्हणाला. "मी दचकतो. बार व्हायच्या आधीच."

"दचकणं काडतुसात नसतं, माणसात असतं. जोलीन, पुंगळी भर. बघू दे सगळ्यांना."

ही जुनी परीक्षा. मारणाऱ्यानं बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि जिवंत काडतुसाऐवजी दुसऱ्यानं आत उडालेली रिकामी पुंगळी सरकवायची. मग नुसता खट्ट आवाज होतो, धक्का बसतच नाही. तरीही नळी हलली तर ती माणसानं हलवलेली. खोटं बोलायला जागा उरत नाही.

क्ले टेबलाशी बसला. आत पुंगळी आहे हे ठाऊक असूनही त्याचा खांदा आखडला. खट्ट. नळी वीतभर खाली गेली.

"यंदाही भांडी तुमच्याकडेच, दाजी," लाइल म्हणाला.

क्लेचे कान तापले. जोलीनला बापाचा भयंकर राग आला, पण त्या घरात बापावर रागवायची पद्धत नव्हती.

"ऊठ," ऑर्विल म्हणाला. "पासष्ट वर्षांचा म्हातारा कसा मारतो ते बघ. भर गं, जिवंत भर."

तो बसला, दस्ता खांद्यात रुतवला, डोळा दुर्बिणीला लावला. चाळीस वर्षांत त्यानं स्वतःची बंदूक दुसऱ्याला भरू दिली नव्हती. आज तोऱ्यात विसरला. जोलीननं हातातलं जिवंत काडतूस खिशात टाकलं आणि मघाचीच पुंगळी आत सरकवली.

खट्ट.

नळी टेबलाच्या फळीवर आपटली. ऑर्विलचे डोळे घट्ट मिटलेले होते.

कुणी हसलं नाही. लाइल आपल्या बुटांकडे बघत राहिला. क्लेला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्याला म्हाताऱ्याची दयाच आली. तो पुढे झाला, बंदुकीचा बोल्ट मागे ओढून त्यानं पुंगळी काढून घेतली.

"होतं असं, ऑर्विल," तो म्हणाला. "बंदूकच तशी आहे. गेल्या वर्षी माझंही हेच..."

"गप्प बस रे." ऑर्विलचा गाल अजून दस्त्यावरच होता. "त्या मादीमागं खडकावर धुरळा उडाला ना, तेव्हा मी अजून चाप ओढला नव्हता."