रामदासचा शिक्का

"विकताय म्हणे आम्हाला," रामदास म्हणाला. "भाव तरी बरा आला ना?"

शुभंकरने हातातल्या कागदावरून मान वर केली नाही. तो कारखान्याचा मॅनेजर, वय जेमतेम पस्तीस. तो शाळेत जात होता तेव्हापासून रामदास हडपसरच्या या शेडमध्ये उभा होता.

"काका, त्यावर मला बोलता येत नाही. तीन वाजता पाहुणे येतायत. नेहमीसारखं काम करा, एवढंच सांगायला आलोय."

"नेहमीसारखं म्हणजे मुकाट्याने."

"म्हणजे नेहमीसारखं," शुभंकर म्हणाला आणि निघून गेला.

रामदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच! वीस वर्षांपूर्वी कंपनीने परदेशातल्या दोन श्रीमंती गाड्या नावासकट विकत आणल्या, तेव्हा केवढा गाजावाजा. चौकाचौकांत फलक काय, पेढे काय. आता म्हणे छोट्या गाड्यांवरच आपली भाकरी. एक नाव गेल्या वर्षी फुंकून टाकलं. उरली ऑरविक. ती इथे, या चारशे माणसांच्या हातांनी बनायची आणि रामदासच्या शिक्क्याशिवाय फाटकाबाहेर पडायची नाही.

त्याची तपासायची रीत सगळ्या शेडला पाठ होती. काचा बंद, एसी बंद, डोळे मिटलेले. ड्रायव्हर योगेश शेडमागच्या खडबडीत पट्ट्यावरून गाडी चालवायचा आणि रामदास मागे बसून ऐकायचा. कुठे टिक झालं की हात वर. मग पॅनल काढून तो आत सुटा पडलेला नट शोधायचा आणि खिशात टाकायचा. दर शनिवारी खिसा घरच्या लोणच्याच्या बरणीत रिकामा व्हायचा. "लोकांच्या घरी सोनं साठतं, आमच्याकडे हे," असं त्याची बायको सोजरबाई म्हणायची, पण बरणी रोज पुसायची.

वीस वर्षांत त्याच्या शिक्क्याची एकही गाडी आवाज करते म्हणून परत आली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत योगेशने बातमी आणली. "पाहुणे तयार गाड्यांतली कुठलीही एक उचलणार आणि स्वतः चालवून बघणार. पसंत पडली की संपलं. गाडी बनणार त्यांच्या देशात आणि शेडला कुलूप."

"आणि आपण ती पुसूनबिसून हातात द्यायची!" रामदासने डब्याचं झाकण आपटलं. "वा रे वा. आपल्याच तेराव्याचं जेवण आपणच वाढायचं."

"मग करणार काय?"

रामदास डबा मिटून उठला. सौदा मोडला तर गाडी इथेच राहील, गाडी राहिली तर चारशे घरांच्या चुली राहतील, एवढंच त्याला दिसत होतं. शेडमध्ये चार गाड्या तयार उभ्या होत्या. खिशात या आठवड्याचे नट होते. तो एकेका गाडीपाशी गेला आणि दाराच्या काचेलगतच्या फटीतून एकेक नट आत सोडला. मग चारही गाड्यांवर शिक्का मारला. चौथा शिक्का मारताना त्याने स्वतःलाच एक कचकचीत शिवी दिली.

तीनला पाहुणे आले. एक उंच बाई आणि एक टकलू गृहस्थ. त्यांनी तिसरी गाडी निवडली. गृहस्थ चालवायला बसला. बाई मागे बसली. तिने काचा वर करायला सांगितल्या, एसी बंद करवला आणि डोळे मिटले.

रामदासला जरा चमत्कारिक वाटलं.

गाडी खडबडीत पट्ट्यावर गेली. दहा-पंधरा हात गेली असेल नसेल, बाईचा हात वर झाला.

शुभंकरने तिथल्या तिथे पॅनल उघडायला लावलं. बाई त्याच्याशी दोन मिनिटं बोलली. गृहस्थाने शुभंकरच्या खांद्यावर हात ठेवला. मग दोघे आपल्या गाडीत बसले आणि निघून गेले. टेबलावर मांडलेल्या बाकरवडीला कुणी हात लावला नाही.

"मोडला सौदा!" योगेशने रामदासच्या पाठीत धपका घातला. सगळ्या शेडमध्ये शिट्ट्या वाजल्या.

शुभंकर सावकाश चालत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय साहेब," रामदास मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही? गिऱ्हाईक गेलं वाटतं!"

"सौदा सोमवारीच झाला, काका. नाव, नकाशे, सगळं गेलं. आजपर्यंत तोंड उघडायची मनाई होती मला."

शिट्ट्या थांबल्या.

"मग आज काय बघायला आले होते?"

शुभंकरने रामदासचा हात हातात घेतला आणि तळव्यावर तो नट ठेवला.

"आपल्याला. पुढची गाडी तिकडे बनवायची की इथेच, आपल्याच माणसांकडून, ते ठरवायचं होतं. मी छातीठोक सांगितलं होतं त्यांना, रामदासकाकांचा शिक्का असलेली कुठलीही गाडी उचला, आणि एक जरी आवाज आला तर आम्हाला घेऊ नका."